एकट्याने टेकडी आणि खिशात ग्लुकोज

"रोज पाऊण तास चालत जा" एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटची फाईल ओढतात. त्यांनाही दोष देता येत नाही, बाहेर हॉल भरलेला असतो. पण जो माणूस इन्शुलिन घेतो किंवा शुगर उतरवणाऱ्या ठराविक गोळ्या घेतो त्याच्यासाठी हा सल्ला अर्धाच आहे. कधी चालायचं, निघताना शुगर किती पाहिजे, खिशात काय पाहिजे, आणि एकटं असताना शुगर झपकन खाली आली तर काय करायचं, हे बहुतेकांना कोणी समोर बसवून सांगतच नाही. मग एक तर माणूस घाबरून बायकोला नाहीतर मुलाला रोज सोबत ओढतो आणि महिन्याभरात दोघांचंही चालणं बंद पडतं, किंवा मग "काही होत नाही हो" म्हणत नुसता मोबाईल घेऊन टेकडी चढायला लागतो.

मी बरीच वर्षं इन्शुलिनवर आहे आणि पुण्यात तळजाई टेकडीवर एकटाच जातो. लोकांचा कंटाळा आहे असं नाही, पण सोबत येणाऱ्यांचा स्पीड आणि त्यांची राजकारणावरची मतं, दोन्ही मला झेपत नाहीत. तर माझं म्हणणं असं की एकट्याने जायला काही हरकत नाही, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे. शुगर लो झाली की पहिली उपासमार होते मेंदूची, आणि "आता थांबावं, काहीतरी खावं" हे ठरवणाराही तोच. म्हणजे ज्याच्या भरवशावर वर गेलात तोच ऐन वेळी कामातून जातो. सोबत कोणी असलं तर निदान त्याचं डोकं जाग्यावर असतं, एकट्याला ती सोय नाही. म्हणून सगळे निर्णय घरी, शुगर ठीक असताना घेऊन ठेवायचे आणि बाहेर नुसते पाळायचे.

आधी हे बघा की हे सगळं तुम्हाला लागू होतं का. नुसती मेटफॉर्मिन घेत असाल, किंवा सोबत सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन असलं काही असेल तर चालताना शुगर धोक्याच्या पातळीखाली जायची शक्यता फारच कमी. धोका आहे तो इन्शुलिन घेणाऱ्यांना, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांना, कारण या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्शुलिन काढतात, रक्तात साखर किती आहे याची फारशी पर्वा न करता. आपल्याकडे गंमत अशी की बहुतेकांना आपण काय घेतो हेच माहीत नसतं, "ती पिवळी गोळी" एवढंच. त्यात एका गोळीत दोन दोन तीन तीन औषधं असतात. तर आज स्ट्रिप उलटी करा आणि मागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा, चष्मा लावून. यातलं एखादं नाव दिसलं, किंवा इन्शुलिन घेत असाल, तर पुढचं वाचा.

आता शुगर खाली येते कशी. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि शुगर 100 असेल तर त्याचा अर्थ दर 100 मिली रक्तात 100 मिलिग्रॅम. गुणाकार केला तर सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम साखर फिरत असते, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खोटंच वाटलं होतं. एवढ्याशा चमच्यावर मेंदू चालतो, स्नायू चालतात, आणि तो चमचा सतत भरत ठेवायचं काम लिव्हर करतं, त्याच्याकडे शंभर एक ग्रॅमचा साठा असतो. निरोगी माणूस चालायला लागला की स्वादुपिंड लगेच इन्शुलिन कमी करतं, ग्लुकॅगॉन नावाचं दुसरं हार्मोन वाढतं, लिव्हर साखर सोडायला लागतं आणि जेवढी खर्च होते तेवढी भरून निघते. माणसाला पत्ताही लागत नाही.

टोचलेलं इन्शुलिन मात्र परत बोलावता येत नाही. तुम्ही टेकडी चढताय हे त्याला कळत नाही, ते ठरलेल्या वेळेप्रमाणे आपलं काम करत राहतं. स्नायूच्या पेशीला दोन दारं आहेत असं समजा. पुढचं दार इन्शुलिन उघडतं. मागचं दार स्नायू हलला की आपलं आपण उघडतं, त्याला इन्शुलिन लागत नाही, आणि म्हणूनच डायबेटिसवाल्याला व्यायाम एवढा उपयोगी पडतो. पण टोचलेलं इन्शुलिन जोरात असताना तुम्ही चालायला लागलात की दोन्ही दारं सताड उघडी, साखर दोन्हीकडून आत, आणि वर तेच इन्शुलिन लिव्हरला सांगतंय की साठा सोडू नकोस. एका चमच्याचा खेळ आहे, किती वेळ टिकणार. टाइप 1 असलेली माणसं, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही ती, लांब पल्ल्याचं धावतात तेव्हा त्यांना तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट खायला सांगतात ते याच्यासाठी.

उलटंही होतं बरं का. जोरात स्प्रिंट मारली, भीती वाटली, की अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि लिव्हर भराभर साखर सोडतं. पहाटे कुत्री मागे लागली की शुगर वाढते, हा माझा अनुभव आहे, उपाय म्हणून सुचवत नाही.

लोक लगेच वसीम अक्रमचं उदाहरण देतात, आणि ते खरंच आहे. 1997 मध्ये त्याला टाइप 1 निघाला आणि त्याच्यानंतरही तो इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग टाकत राहिला. ब्रिटनचा रोइंगपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह, त्यालाही 1997 मध्येच डायबेटिस निघाला आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने गोल्ड मारलं. म्हणजे इन्शुलिन घेऊन शरीराला वाटेल तेवढं राबवता येतं, यात वाद नाही. पण अक्रमच्या आजूबाजूला मैदानावर दहा जण होते, बोटीत रेडग्रेव्हसोबत आणखी तिघं होते. आपण सकाळी सव्वासहाला तळजाईच्या झाडीत असतो.

मग जायचं कधी? एकट्याने जायचं असेल तर अंगात इन्शुलिन कमीत कमी असेल ती वेळ धरायची. जेवणाआधी घ्यायचं झटपट इन्शुलिन साधारण एक-दोन तासांत जोरावर येतं आणि तीन ते पाच तास टिकतं. जुनं साधं रेग्युलर दोन ते चार तासांत जोरावर येतं आणि आणखी लांबतं. आपल्याकडे खूप जण 30-70 चं मिक्स घेतात, त्यात दोन प्रकार एकत्र असतात, म्हणजे सकाळी टोचलेलं दुपारीसुद्धा काम करत असतं, आणि हे माहीत नसल्यामुळे "मी तर सकाळी घेतलं होतं" म्हणत माणूस चार वाजता चालायला निघतो. बऱ्याच जणांना सकाळी नाश्त्याच्या इन्शुलिनच्या आधी चालणं त्यातल्या त्यात सुरक्षित पडतं, कारण रात्रीच्या जेवणाचा डोस संपलेला असतो. पण "पडतं" म्हणजे सगळ्यांनाच असं नाही, तुमचं इन्शुलिन कुठलं, रात्री किती घेता, याच्यावर आहे, आणि डोस कमी करायचा असेल तर किती हे तुमच्याच डॉक्टरला विचारायचं, माझ्यासारख्याला नाही. एक बारीक गोष्ट, चालायच्या आधी इन्शुलिन घ्यायचंच असेल तर मांडीत नको, पोटावर घ्या. मांडीचे स्नायू चालताना तापतात, रक्त तिकडे धावतं आणि इन्शुलिन नेहमीपेक्षा लवकर चढतं. एप्रिल-मेच्या उन्हातही तेच.

निघायच्या आधी बोट टोचायचं. हे टाळायला माणूस शंभर कारणं काढतो. शुगर 90 च्या खाली असेल तर आधी 15 ते 30 ग्रॅम कार्ब्ज खाऊन मग निघायचं, म्हणजे एखादं केळं, नाहीतर एका पोळीचा रोल. टाइप 1 वाल्यांनी साधारण 126 ते 180 च्या मधे निघावं असं सांगतात. मी एकटा असताना 120 च्या खाली निघत नाही, सोबत कोणी असेल तर शंभरलाही जातो, हा माझा स्वतःचा नियम. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे, 250 च्या वर असेल आणि टाइप 1 असेल तर कीटोनची (इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारं आम्ल) पट्टी लावून बघायची आणि कीटोन निघाले तर चालायला जायचंच नाही, कारण ती साखर इन्शुलिन कमी पडल्यामुळे वाढलेली असते आणि व्यायामाने ती आणखी वाढते. आणि मागच्या 24 तासांत शुगर एवढी लो झाली असेल की दुसऱ्या कोणाला येऊन सावरावं लागलं, तर त्या दिवशी सुट्टी. याला कारण आहे, एकदा जोराचा हायपो, म्हणजे शुगर फार लो होणं, होऊन गेला की पुढच्या वेळी शरीर धोक्याची घंटा उशिरा वाजवतं, कधी कधी वाजवतच नाही.

घंटा म्हणजे काय तेही सांगतो, कारण पुस्तकात "घाम, थरथर, धडधड" एवढंच लिहितात आणि टेकडी चढताना घाम आणि धडधड कोणाला होत नाही? म्हणून चालताना लो ओळखणं घरात ओळखण्यापेक्षा अवघड असतं. माझ्या बाबतीत ओठांच्या कडेला मुंग्या येतात, आणि घाम मानेच्या मागे थंडगार येतो, चढावाचा घाम तसा नसतो. पण सगळ्यात भरवशाची खूण डोक्याची. समोर वनविभागाचा बोर्ड असतो, आपण पहिली ओळ वाचतो, दुसरीवर जातो, पहिलीत काय होतं ते गेलेलं असतं, परत पहिली वाचतो. किंवा मग विनाकारण राग येतो, समोरून येणारा माणूस मोठ्याने फोनवर बोलतोय याचा एवढा संताप येतो की आता भांडावं. असा फुकटचा राग आला की मी थांबतो. तुमची खूण वेगळी असेल, घरच्यांना विचारा, त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं. आणि ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल असल्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेत असाल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा येतो. म्हणजे त्या माणसाने घामाकडे जास्त लक्ष द्यायचं.

70 च्या खाली गेली की हायपो धरायचा, 54 च्या खाली गेली की गंभीर. पण टेकडीवर "मीटर काढू की आधी खाऊ" असा विचार करत बसायचं नाही. शंका आली की थांबायचं, बसायचं, आधी खायचं, मग मोजायचं. हा निर्णय घरी घेऊन ठेवायचा म्हटलं ना, त्यातला सगळ्यात मोठा हाच. शुगर 130 निघाली तर एक दिवस 15 ग्रॅम साखर जास्त गेली, बास.

खायचं काय? 15 ग्रॅम झटपट साखर, 15 मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर परत 15 ग्रॅम. पंधरा ग्रॅम म्हणजे सपाट भरलेले तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर. चिक्की, चॉकलेट, बेसनाचा लाडू यांत तूप नाहीतर तेल असतं, ते पोटातून पुढे सरकायला वेळ लावतात, या कामाला नाहीत. नारळपाणी पुरत नाही. बिस्किटं नंतर खायची, शुगर वर आल्यावर ती टिकून राहावी म्हणून. आणि ती पंधरा मिनिटं खरंच बसून काढायची. दोन मिनिटांत बरं वाटत नाही म्हणून माणूस सगळा डबा संपवतो आणि मग दिवसभर 300. किंवा उलट, जरा बरं वाटलं की चालायला लागतो आणि शंभर पावलांवर परत बसतो.

आता एक अशी गोष्ट जी गोळ्या घेणाऱ्यांना फार कमी लोक सांगतात. आपल्याकडच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत बऱ्याचदा वोग्लिबोज किंवा अकार्बोज असतं. हे औषध आतड्यात साखर फोडायचं कामच अडवतं, जेवणानंतर शुगर चढू नये म्हणून. पण मग हायपो झाल्यावर तुम्ही घरातली नेहमीची साखर खाल्ली, तर तीही फुटायलाच पाहिजे ना रक्तात जायला, आणि फोडणारा तर बसवून ठेवलाय. अशा माणसाला साखरेने लवकर फरक पडत नाही, त्याला साधं ग्लुकोजच लागतं, जे फोडावं लागत नाही. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज एकाच गोळीत, असलं कॉम्बिनेशन आपल्याकडे सर्रास लिहून देतात. म्हणून मी सगळ्यांनाच सांगतो, साखरेच्या पुड्या नकोत, बिनफ्लेवरची ग्लुकोज पावडर ठेवा, वाद मिटला.

ती ठेवायची कशी हेही महत्त्वाचं. बोटं थरथरत असताना आणि घामाने ओली असताना प्लॅस्टिकची पुडी फाटत नाही, दातांनी ओढली तर अर्धी मातीत जाते. मी घरी तीन तीन चमचे मोजून छोट्या झाकणाच्या डब्या भरतो, झाकण अर्ध्या फिरकीत उघडणारं. एक पुढच्या डाव्या खिशात, एक उजव्या, आणि तिसरी सॅकमध्ये. नुसत्या सॅकमध्ये नाही, कारण पाठीवरची सॅक काढून चेन उघडणं हेही त्या अवस्थेत मोठं काम असतं. सोबत पाण्याची छोटी बाटली, कारण कोरड्या तोंडात ग्लुकोज पावडर टाकून बघा एकदा.

आणि मग बाकावर बसून तुम्ही ती खाताय आणि शेजारच्या काकांना कळतं की तुम्हाला शुगर आहे, की ठरलेलं वाक्य येतं, "शुगर आहे ना तुम्हाला? मग गोड काय खाताय?" यावर मी पूर्वी समजावून सांगायचो. आता "हो काका" म्हणतो आणि खातो. काही बागांमध्ये "खाद्यपदार्थ आणू नयेत" असा बोर्ड असतो आणि वॉचमन डबीकडे बघतो, त्याला औषध म्हणून सांगायचं, ते खोटं नाही.

हल्ली दंडावर चिकटवायचा शुगरचा सेन्सर बरेच जण लावतात आणि ती खरंच चांगली सोय आहे, परवडत असेल तर. पण एकट्याने टेकडीवर जाताना त्याच्यावर किती विसंबायचं हे कळलं पाहिजे. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि तिथे बदल पोचायला काही मिनिटं लागतात. बसलेले असताना या उशिराने फरक पडत नाही, पण चढावर शुगर भराभर पडत असेल तर मोबाईलवर 92 दिसत असताना बोटाला 68 येऊ शकते. म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा बाण बघायचा, शुगर वर चाललीय की खाली ते तो दाखवतो. 110 आणि बाण सरळ खाली म्हणजे आत्ताच खायचं. आणि अंगाला काही वेगळं वाटत असेल आणि सेन्सर ठीक म्हणत असेल तर अंगाचं ऐकायचं.

जागा कुठली निवडायची याच्यावरही फार बोललं जात नाही. मला विचाराल तर नवीन सुरुवात करणाऱ्याने गोल ट्रॅक धरावा. दादरचं शिवाजी पार्क, कोल्हापूरचा रंकाळा, गल्लीतलं नाना-नानी पार्क, काहीही. सरळ जाऊन परत यायच्या वाटेवर घोळ असा आहे की शुगर पडायला लागते तेव्हा तुम्ही बहुतेक घरापासून सगळ्यात लांबच्या टोकाला असता. गोल ट्रॅकवर तेच तेच लोक परत परत दिसतात, तुम्ही एका फेरीत दिसला नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येतं. टेकडीवर जायचंच असेल तर मुख्य वाटेवर राहा, आडवाटेच्या शांततेचा मोह मलाही होतो पण तिथे गोंधळलेल्या अवस्थेत बसलेला माणूस दिसणार कोणाला, आणि दिसलाच तर भल्याच माणसाला दिसेल याची खात्री नाही. पुण्याच्या टेकड्यांवर लुटालुटीच्या बातम्या येत असतात. उजाडल्यावर जा, बायकांनी तर जास्तच, आणि कानात इयरफोन घालून दोन्ही कान बंद करू नका.

108 ला फोन केला तर ते पहिलं विचारणार "कुठे आहात?" आणि "वेताळ टेकडीवर" हे उत्तर होऊ शकत नाही, कारण तिथे पंचवटीकडून येता येतं, गोखलेनगरकडून येता येतं, एआरएआयच्या रस्त्याने येता येतं, आणि अ‍ॅम्ब्युलन्स फक्त रस्त्याने येते. तर ज्या टेकडीवर रोज जाता तिथे गाडी कुठपर्यंत येते त्या जागेचं नाव पाठ पाहिजे, घरच्यांनासुद्धा. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन परत येईपर्यंत पुरेल एवढ्या वेळासाठी चालू करून घरी पाठवायचं, त्याला पैसे पडत नाहीत. पण पाठवून उपयोग काय जर घरचा माणूस झोपलेला असेल? म्हणून आमच्याकडे ठरलेलं आहे, मी साडेसातपर्यंत "आलो खाली" असा मेसेज टाकला नाही तर बायको फोन करते, दोनदा उचलला नाही तर ती लोकेशन घेऊन शेजारच्या पोराला गाडी काढायला लावते. कधी मी मेसेज टाकायला विसरलो की जे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं.

आता समजा तुम्ही खरंच कोसळलात. आजूबाजूचे लोक वाईट नसतात, धावत येतात, पण त्यांना काय दिसतं? अडखळत बोलणारा, घामेजलेला, लडखडणारा माणूस. पहिला अंदाज "सकाळी सकाळी घेऊन आलाय". दुसरा अंदाज फीट. मग कोणी कांदा शोधतं, कोणी चप्पल हुंगवतं, आणि कोणी तरी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततं, ते मात्र जिवावर बेतू शकतं कारण गिळता येत नसेल तर ते थेट श्वासनलिकेत जातं. म्हणून मी मोबाईलच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूने दिसेल असं कार्ड ठेवलंय, मराठीत, ठळक अक्षरात. "मला डायबेटिस आहे, इन्शुलिन घेतो. मी गोंधळलेलो दिसलो तर दारू प्यायलेलो नाही, शुगर उतरली आहे. गिळता येत असेल तर खिशातली पांढरी पावडर द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, 108 ला फोन करा." खाली बायकोचा नंबर. "पांढरी पावडर" या शब्दांवर आमच्या मुलीने खूप हसून घेतलं, मग मी तिथे "ग्लुकोज" केलं. मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर मेडिकल माहिती दिसायची सोय असते तीही भरून ठेवा, पण टेकडीवर भेटणाऱ्या आजोबांना ती सापडेलच असं नाही, कागद बरा.

रविवारचा सिंहगड हा वेगळा विषय आहे, कारण तिथे दोन सापळे आहेत. पहिला, शनिवारी रात्री बसलेले असता. दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर नवी साखर बनवायचं काम बाजूला ठेवतं, आणि हे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालू राहू शकतं. म्हणजे जो चमचा भरून ठेवणारा आहे तोच ड्युटीवर नाही, आणि तुम्ही गड चढताय. दुसरा सापळा वरच्या पिठलं-भाकरीचा. भूक लागलेली असते, दोन भाकऱ्या जातात, वर दही, माणूस नेहमीच्या हिशोबाने पूर्ण डोस टोचतो आणि अर्ध्या तासात उतरायला लागतो. इन्शुलिन जोरावर येतं नेमकं उतारावर, आणि उतरणं सोपं वाटतं म्हणून कोणी लक्ष देत नाही. वर खाऊन लगेच उतरायचं असेल तर तो डोस किती घ्यायचा हे आधीच डॉक्टरशी बोलून ठरवलेलं पाहिजे, झोपडीत बसून अंदाजाने नाही.

शुगर सोडून दोन गोष्टी. डायबेटिसमध्ये नसा बधिर झाल्या असतील तर हार्ट अटॅकची कळसुद्धा नीट कळत नाही, त्यामुळे रोजचाच चढ आज विनाकारण दमवतोय, श्वास पुरत नाहीये, आणि मीटरवर शुगर ठीक आहे, तर ते पित्त समजून पुढे चालायचं नाही, तिथेच बसून फोन करायचा. आणि पाय. सकाळी दवावर अनवाणी चालायचं खूळ ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झालीय त्यांनी कृपा करून सोडावं, काटा रुतलेला संध्याकाळी मोजा काढल्यावर रक्ताने कळतो.

घरी आलात, आंघोळ झाली, विषय संपला असं नाही. रिकामे झालेले स्नायू पुढचे कितीतरी तास साखर ओढत राहतात, चोवीस तासांपर्यंतसुद्धा, म्हणून नेहमीपेक्षा जास्त चाललात त्या दिवशीचा हायपो रात्री दोन-तीनला येऊ शकतो. संध्याकाळच्या चालण्याने हे जास्त होतं. अशा दिवशी झोपायच्या आधी मोजायचं, गरज असेल तर काहीतरी खाऊन झोपायचं, आणि उशाशी डबी ठेवायची. सकाळी घामाने भिजलेली गादी, डोकं जड, आणि शुगर उलट चढलेली दिसली तर रात्री काहीतरी होऊन गेलं असेल, डॉक्टरला सांगा.

आणि ज्यांना हायपो जाणवायचाच बंद झालाय, म्हणजे मीटरवर 50 आणि अंगाला काही नाही, त्यांनी सध्या एकट्याने टेकडीवर जाऊ नये, अक्रम असो की कोणी. हे कायमचं नसतं बहुतेकांचं. डॉक्टरच्या मदतीने डोस बदलून काही आठवडे शुगर अजिबात खाली जाऊ दिली नाही तर बऱ्याच जणांना खुणा परत जाणवायला लागतात. तोपर्यंत सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायच्या, जिथे वॉचमन नावाने ओळखतो आणि तिसऱ्या फेरीला "आज हळू चाललंय साहेब" असं न विचारता सांगतो.